चर्चच्या फर्निचर-वाटप व घरदुरुस्तीच्या कामात आपण सहभागी व्हावे का?

अनघा_शार्लट

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यामुळे येत्या उन्हाळ्यात मोठे घर विकून लहान घरात जायचे आम्ही ठरवले आहे. त्यामुळे एक सोफा, जेवणाचे टेबल व खुर्च्या, दोन पलंग, कपड्यांची कपाटे आणि स्वयंपाकघरातील बरेच सामान उरणार आहे. शेजारी राहणाऱ्या एका वृद्ध बाईंनी त्यांच्या मेथडिस्ट चर्चमधील एका गटाबद्दल सांगितले. हा गट शनिवारी ट्रक घेऊन लोकांनी दिलेले फर्निचर गोळा करतो आणि निवारागृहातून नुकतेच भाड्याच्या घरात गेलेल्या कुटुंबांकडे पोचवतो. त्याच गटातील काही निवृत्त मंडळी वृद्ध व अपंग लोकांच्या घरांच्या पायऱ्या, कठडे, गळकी छपरे विनामूल्य दुरुस्त करून देतात. माझ्या पतींना सुतारकामाची चांगली जाण आहे आणि नुसते सामान देऊन मोकळे होण्यापेक्षा दोघांनीही या कामात भाग घ्यावा असे आम्हाला वाटते.

मनात काही शंका आहेत. आम्ही हिंदू आहोत. अशा गटात गेल्यावर आपल्यावर किंवा ज्यांना मदत दिली जाते त्या लोकांवर धर्माच्या बाबतीत काही दडपण येते का? कोणते फर्निचर घेतात आणि कोणते नाकारतात? दुरुस्तीच्या कामासाठी काही परवाना किंवा प्रशिक्षण लागते का? आणि शेवटची शंका थोडी वेगळी आहे. आपण वापरून झालेला सोफा दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवणे ही खरोखर मदत आहे, की आपली अडगळ काढण्याचा तो एक सोयीस्कर मार्ग आहे? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ओहायोवासी

अनघाताई, तुमची शेवटची शंका सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. आपल्याकडे धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे म्हणतात, आणि फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत हा त्याचा अर्थ आपण लहानपणापासून मान्य करत आलो आहोत. या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत याच्या नेमके उलट झाले आहे. घेणाऱ्याला दात मोजू दिले पाहिजेत, आणि गाय नको असेल तर नाही म्हणण्याची मोकळीकही दिली पाहिजे. जो गट ही मोकळीक देतो त्याचे काम मदत ठरते. जो देत नाही त्याच्या हातून बहुधा अडगळीचेच स्थलांतर होते.

पार्श्वभूमी सांगतो. घर मिळाले की बेघर कुटुंबाचा प्रश्न सुटला असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत रक्कम भरतानाच हातचे सगळे पैसे संपतात, आणि किल्ली हाती येते ती पूर्णपणे रिकाम्या घराची. मुले गालिच्यावर किंवा हवा भरलेल्या गादीवर झोपतात, ती गादी पहाटेपर्यंत सपाट झालेली असते, जेवण खोक्यावर ताट ठेवून होते. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलेली स्त्री, आगीत सर्वस्व गमावलेले कुटुंब, लष्करातून निवृत्त होऊन रस्त्यावर आलेला माणूस, निर्वासित म्हणून आलेले कुटुंब, अशा सर्वांची गरज साधारण सारखीच असते. आधी झोपायला जागा, मग बसायला, मग जेवायला. आमच्याकडे कोणी थेट येऊन मागत नाही. निवारागृहातील समाजसेविका, शाळेतील समुपदेशक किंवा पुनर्वसन संस्था नाव पाठवते, म्हणजे गरज खरी आहे का हे तपासण्याचे अप्रिय काम स्वयंसेवकांना करावे लागत नाही.

वाटपाच्या दोन पद्धती आहेत. एकीत स्वयंसेवक संपूर्ण संच ट्रकमध्ये भरून घरी नेतात आणि लावून देतात. दुसरीत गोदाम दुकानासारखे मांडलेले असते आणि कुटुंब स्वतः येऊन निवड करते. कॅथलिक चर्चशी संलग्न असलेली संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची सोसायटी अमेरिकेत अनेक शहरांत जुन्या वस्तूंची दुकाने चालवते. तिचे सदस्य गरजू कुटुंबाच्या घरी भेट देतात, मग त्या कुटुंबाला व्हाउचर देतात आणि ते दाखवून कुटुंब त्याच दुकानातून पैसे न देता हवे ते फर्निचर घेते. शेजारी पैसे देऊन खरेदी करणारे ग्राहकही असतात आणि कोण व्हाउचरवाला आहे हे कोणाला कळत नाही. मला ही पद्धत जास्त पसंत आहे, मात्र तिला जागा आणि पैसा दोन्ही लागतात, त्यामुळे लहान चर्चला ती परवडत नाही. तुमच्या शेजारच्या गटाची पद्धत पहिली दिसते. तिथेही सामान भरण्यापूर्वी फोन करून काय हवे, काय नको, कोणता रंग चालेल, जिना किती अरुंद आहे हे विचारता येते. हा प्रश्न त्यांनी विचारला आहे का, एवढे आधी पाहावे.

काय घेतात याविषयी. टेबल-खुर्च्या आणि पलंग आनंदाने घेतील, कारण या दोन गोष्टींचा तुटवडा कायम असतो. पलंग सुटा करून त्याचे सर्व स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी चौकटीलाच चिकटवून द्यावी. स्क्रू हरवलेला पलंग म्हणजे लाकडांचा ढीग. सोफ्यावर डाग, फाटलेले कापड, सिगारेटचा किंवा पाळीव प्राण्यांचा वास असल्यास ते नम्रपणे नकार देतील, आणि त्यात त्यांचे काही चूक नाही. ढेकणांच्या भीतीमुळे गाद्यांच्या बाबतीत नियम फार कडक असतात आणि काही गट वापरलेली गादी मुळीच घेत नाहीत. आतून पलंग निघणारा सोफा वजनामुळे बहुतेक ठिकाणी नाकारला जातो. बाळाचा जुना पाळणा-पलंग असल्यास तो देऊ नये. बाजू खाली सरकणाऱ्या अशा पलंगांवर अमेरिकेत २०११ मध्ये बंदी आली आणि त्यापूर्वीचे बरेच नमुने त्यात मोडतात. कपाटे व उंच ड्रॉवर देताना ती भिंतीला बांधण्याच्या पट्ट्याही द्याव्यात, कारण मूल ड्रॉवरवर चढले की कपाट अंगावर येते.

स्वयंपाकघरातील सामान कमी लेखू नका. २०२१ नंतर अफगाणिस्तानातून आलेल्या कुटुंबांची घरे लावताना आमच्याकडील भारतीय मंडळींनी दिलेले प्रेशर कुकर सर्वांत आधी उचलले गेले. चर्चमधील आज्यांनी प्रेमाने आणून ठेवलेली कॉफीची यंत्रे मात्र बरेच दिवस फडताळातच होती.

धर्माबद्दल सांगायचे तर आमच्या गटात सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सर्वजण वर्तुळात उभे राहून एक छोटी प्रार्थना करतात. मी शांतपणे उभा राहतो आणि त्याबद्दल मला कोणी कधी विचारले नाही. ज्यांच्या घरी जातो त्यांना चर्चला येण्याची अट नसते. परंतु सगळे गट सारखे नसतात. काही इव्हँजेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणाऱ्या, संस्था काम संपल्यावर घरमालकाला बायबल भेट देतात, त्याच्यासाठी प्रार्थना करू का असे विचारतात, आणि हे त्या लपवत नाहीत. तुम्हाला ते पटत नसेल तर दुसरा गट निवडावा. पहिल्या फोनवरच स्पष्ट विचारण्यात काही गैर नाही.

करसवलतीचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून लिहून टाकतो. वस्तू चांगल्या स्थितीत असल्या तरच त्यांच्या आजच्या बाजारभावाइतकी वजावट मिळते, आणि तीही तुम्ही वजावटी स्वतंत्रपणे मांडत असाल तरच. बहुतेक लोक प्रमाणित, म्हणजे सरसकट ठरलेली, वजावट घेतात, त्यामुळे हाती काही पडत नाही. पावती मात्र अवश्य घ्यावी. तुमच्या श्रमांची किंमत कितीही झाली तरी तिची वजावट मिळत नाही.

निवृत्त_स्थापत्य

वरील प्रतिसादात फर्निचरची बाजू उत्तम आली आहे. मी घरदुरुस्तीबद्दल लिहितो, कारण निवृत्तीनंतर टेनेसीमध्ये राहत असताना माझा बराच वेळ त्यात गेला आणि अजूनही जातो.

चर्चच्या स्वयंसेवकांनी घरे दुरुस्त करण्याची परंपरा तुमच्या भागात जुनी आणि खोलवर रुजलेली आहे. अ‍ॅपालेचिया पर्वतराजीतील कोळशाच्या खाणींचा प्रदेश दारिद्र्यासाठी प्रसिद्ध होता. तेथील घरे सुधारण्यासाठी टेक्स इव्हान्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने १९६९ मध्ये केंटकीत अ‍ॅपालेचिया सर्व्हिस प्रोजेक्ट सुरू केला. आजही दर उन्हाळ्यात देशभरातील चर्चमधून हायस्कूलची मुले मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आठवडाभर येतात, शाळेत किंवा चर्चच्या सभागृहात झोपतात आणि दिवसभर लोकांच्या घरांचे काम करतात. घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित आणि अधिक कोरडे व्हावे, एवढेच त्यांचे उद्दिष्ट आहे, आणि एक अभियंता म्हणून मला ते फार शहाणपणाचे वाटते. स्वयंपाकघर नव्याने सजवणे, भिंतींना फॅशनचा रंग देणे यांत ते पडत नाहीत. कुजलेली जमीन बदलणे, छप्पर गळू न देणे, जमिनीखालच्या पोकळीत उष्णतारोधक भरणे, ही न दिसणारी कामे ते करतात. छायाचित्रात ती चांगली दिसत नाहीत, पण हिवाळ्याचे वीजबिल त्यांनीच कमी होते.

आपत्तीनंतरच्या कामात मेनोनाइट पंथीयांची संस्था १९५० पासून आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलन चक्रीवादळाने तुमच्या राज्याच्या पश्चिम भागात जो पूर आला त्यानंतर निरनिराळ्या पंथांचे गट तिथे पोचले. पुरात बुडालेल्या घराचे पहिले काम बांधणे नसून उपसणे असते. चिखल काढायचा, भिजलेले ड्रायवॉल (आतल्या भिंतींचे जिप्समचे तक्ते) पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत कापून काढायचे, आतले ओले उष्णतारोधक फेकायचे, उघडी लाकडे पूर्ण वाळू द्यायची आणि बुरशीवर औषध मारायचे. ही वाळण्याची पायरी घाईत गाळली तर नव्या भिंतीच्या आत काही महिन्यांत पुन्हा बुरशी येते. उत्साही स्वयंसेवकांना थांबवून ठेवणे हेच तिथल्या प्रमुखाचे खरे कसब.

हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मिलार्ड आणि लिंडा फुलर या दांपत्याने १९७६ मध्ये जॉर्जियातील अमेरिकस या गावी ती स्थापन केली. त्यामागील विचार त्यांना जवळच्या कोइनोनिया या ख्रिस्ती शेतीवसाहतीत मिळाला होता, जिथे वर्णभेदाच्या काळात गोरे आणि काळे लोक एकत्र राहत व राबत होते. घर फुकट द्यायचे नाही, ज्याचे घर त्याने स्वतः ठराविक तास श्रम करायचे आणि परवडेल अशा हप्त्यांनी फेड करायची, हा त्यांचा दंडक. महाराष्ट्रातील वाचकांना आठवत असेल की २००६ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर हातोडी घेऊन लोणावळ्याजवळ याच संस्थेची घरे बांधायला आले होते. मदत मिळण्यासाठी ख्रिस्ती असण्याची किंवा होण्याची अट संस्थेत नाही. शिवाय हॅबिटॅटची जुन्या बांधकाम साहित्याची व फर्निचरची रिस्टोअर नावाची दुकाने आहेत. तुमचे जे सामान चर्च घेणार नाही, उदाहरणार्थ जुने दरवाजे, नळ, दिवे, कपाटांचे सुटे भाग, ते बहुतेक वेळा तिथे घेतात.

आता तुमच्या पतींच्या प्रश्नाकडे येतो. परवाना लागत नाही. त्यांना सुतारकाम येत असेल तर लोक त्यांना डोक्यावर घेतील. या गटांकडे सर्वांत जास्त मागणी असते ती चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उताराची. तुमच्या भागात चाकांवर आणून बसवलेली तयार घरे भरपूर आहेत आणि त्यांचे जोते बरेच उंच असते. मधुमेहामुळे पाय काढावा लागलेला किंवा पक्षाघात झालेला माणूस रुग्णालयातून घरी येतो आणि नंतर महिनोन्‌महिने घराबाहेर पडू शकत नाही, कारण दारापुढे पाच-सहा पायऱ्या असतात. डॉक्टरकडे जायचे तर दोघांनी उचलून न्यावे लागते. उताराचे गणित सोपे आहे, तरी लोकांना ते खरे वाटत नाही. एक इंच चढण्यासाठी बारा इंच लांबी लागते, म्हणजे दार जमिनीपासून ३६ इंच उंच असेल तर ३६ फूट उतार हवा. शिवाय दर ३० इंच चढाईनंतर पाच फुटांचा सपाट टप्पा, दोन्ही बाजूंना कठडा आणि किमान ३६ इंच मोकळी रुंदी. म्हणून उतार अंगणात वळसे घेत जातो. घरच्या मंडळींना तो लांबलचक सांगाडा पाहून अनेकदा वाईट वाटते आणि थोडा उभा केला तर नाही का चालणार, असे ते विचारतात. उभा करू नये. वर जाताना ढकलणारी पत्नी सत्तरीची असते, आणि उतरताना खुर्ची तिच्या हातून सुटते.

इथे मला ओहायोवासींच्या मुद्द्यात एक भर घालायची आहे. घेणाऱ्याचे मत विचारावे हे मला पूर्ण मान्य आहे, पण दुरुस्तीत काही गोष्टी मतावर सोडता येत नाहीत. उतार कुठल्या बाजूने न्यायचा, फुलझाडे वाचवायची का, कठड्याला कोणता रंग द्यायचा, न्हाणीघरातील आधाराचा दांडा डावीकडे हवा की उजवीकडे, हे सर्व त्या माणसाने ठरवावे. दांडा ज्या हाताने धरायचा तो हात त्याचा असतो. चढ किती, तो दांडा भिंतीतील उभ्या लाकडात पक्का बसला आहे की नुसत्या ड्रायवॉलमध्ये अडकवला आहे, हे मात्र काम करणाऱ्याने ठरवायचे.

सावधगिरीच्या चार गोष्टी सांगतो. १९७८ पूर्वीच्या घरात रंगामध्ये शिसे असू शकते, त्यामुळे तो रंग कोरडाच घासू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तेव्हा. वीज आणि गॅसचे काम परवानाधारकाकडेच द्यावे. बहुतेक चर्चमध्ये असा एखादा माणूस सापडतो आणि तो आपला वेळ देतो. मोठ्या उतारासाठी किंवा ओट्यासाठी काऊंटीची (जिल्हा प्रशासनाची) परवानगी लागते का ते गटप्रमुखाने आधी पाहिलेले असावे. अपघात विम्याबद्दल लेखी विचारावे. त्यात संकोच करू नये.

आणखी एक अडचण आहे, तिची कल्पना बाहेरच्यांना सहसा नसते. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः कृष्णवर्णीय कुटुंबांत, अनेक घरे मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या वारसांकडे आलेली असतात. आपल्या गावाकडे सातबाऱ्यावर अजून पणजोबांचेच नाव असावे आणि वाटणी कधीच झालेली नसावी, तसाच हा प्रकार. राहणारी आजी आयुष्यभर त्या घरात असते, कर तीच भरते, पण कागदोपत्री तिच्यासह कित्येक चुलत-मावस वारसांचा त्यावर हक्क असतो. मालकीचा स्पष्ट पुरावा नसल्यामुळे सरकारी दुरुस्ती अनुदान किंवा बँकेचे कर्ज मिळवणे तिला फार कठीण जाते. अशा वेळी चर्चचा गट हाच एकमेव दरवाजा उरतो. सर्वच गट तो उघडतात असे नाही, कारण उद्या एखाद्या वारसाने जागा विकायला काढली तर नवे छप्पर त्याच्या पदरात पडते. माझ्या मते तरीही छप्पर घालून द्यावे, कारण पाऊस वारसांसाठी थांबत नाही. मात्र त्याच भेटीत विनामूल्य कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थेचा फोन क्रमांकही द्यावा.

वसईकर

मी वसईतील कॅथलिक असून आमच्या धर्मग्रामातील (पॅरिशमधील) संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा सदस्य आहे. वर तिचा उल्लेख आला म्हणून लिहीत आहे. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह सुरू केली. ख्रिस्ती धर्माने पूर्वी जे केले ते सांगता, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असे वादविवादात कोणीतरी त्यांना डिवचले होते. सिस्टर रोझाली रेंदू या जोगिणीने त्यांना गरिबांच्या वस्तीत नेले आणि घरी जाऊन कसे बसावे, कसे बोलावे हे शिकवले. भारतात ही सोसायटी १८६३ मध्ये आली. तेव्हापासूनची पद्धत आजही तीच आहे: दोघांनी मिळून घरी जायचे, त्या कुटुंबाबद्दल बाहेर वाच्यता करायची नाही, आणि दर सभेच्या शेवटी सदस्यांमध्ये एक पिशवी फिरवायची, जिच्यात कोणी किती टाकले हे कोणालाच दिसत नाही.

आमच्याकडे सोफे वाटण्याचा प्रश्न येत नाही. आमचा हंगाम मे महिन्यात असतो. मृगाच्या आधी ज्यांच्या छपराची कौले फुटली आहेत, पत्रे गंजले आहेत, कुडाची भिंत खचली आहे अशा घरांचे काम हाती घ्यावे लागते, कारण एकदा पाऊस लागला की ताडपत्री टाकण्यापलीकडे काही करता येत नाही. पैसा काही धर्मग्रामातून येतो, काही परदेशातील सोसायटीच्या शाखांकडून. एका देशातील शाखेने दुसऱ्या देशातील शाखेशी जोडून घेण्याची प्रथा आमच्यात जुनी आहे. श्रम आमचेच. गवंडी व सुतार आमच्यापैकीच असतात आणि तरुण मुले कौले वर चढवतात. ज्यांची घरे दुरुस्त होतात त्यांत आदिवासी व हिंदू कुटुंबेही असतात. गरज पाहावी, पंथ पाहू नये, हे सोसायटीच्या नियमातच आहे.

अनघाताई, तुम्ही दडपणाबद्दल विचारले. भारतात असा संशय लोकांच्या मनात असतो हे मला ठाऊक आहे आणि त्याचा मला राग येत नाही. म्हणूनच आम्ही दिलेल्या घरावर सोसायटीचे नाव किंवा क्रूस रंगवत नाही आणि हस्तांतराचा कार्यक्रमही करत नाही. काही देणगीदारांना पाटी हवी असते. ती देणगी आम्ही परत केलेली आहे.

लेस्टरकर

सर्वांचे अनुभव आदराने वाचले. तरीही वेगळा सूर लावावासा वाटतो. इंग्लंडमध्ये अडचणीतील लोकांना पलंग, चूल, फ्रिज अशा वस्तूंसाठी केंद्र सरकारकडून अनुदान मिळत असे. एप्रिल २०१३ मध्ये ते बंद झाले आणि जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर ढकलली गेली, जिच्याकडे पुरेसा पैसा नाही. आज येथे कौन्सिलचे घर मिळते तेव्हा बऱ्याचदा आधीच्या भाडेकरूचा गालिचासुद्धा उचकटून टाकलेला असतो आणि कुटुंबाला उघड्या काँक्रीटवर राहायला जावे लागते. अशा वेळी चर्चची फर्निचर योजना धावून येते, स्वयंसेवक मनापासून काम करतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, आणि सरकार मनातल्या मनात म्हणते की बरे झाले, काम परस्पर होते आहे. मी स्वतः अशा एका योजनेत व्हॅन चालवतो, म्हणून टीका बाहेरून करत नाही. परंतु फर्निचर वाटणाऱ्याने वर्षातून एकदा तरी आपल्या नगरसेवकाला पत्र लिहून किती कुटुंबे जमिनीवर झोपत होती हे कळवलेच पाहिजे. आमच्या चर्चमध्ये हा विषय काढला की लोक अस्वस्थ होतात, राजकारण नको म्हणतात.

इंग्लंडमधील वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. १९८८ च्या अग्निसुरक्षा नियमांनुसार सोफा, गादी असलेली खुर्ची वगैरेंवर कायमस्वरूपी शिवलेले लेबल नसल्यास कोणतीही धर्मादाय संस्था ते घेणार नाही. वस्तू कितीही उत्तम असली तरी उपयोग नाही. त्यामुळे घरी आणल्यावर डोळ्यांना खुपते म्हणून ते लेबल कापून टाकू नये.

ओहायोवासी

लेस्टरकरांशी मी बहुतांशी सहमत आहे. मात्र पत्र लिहिण्याचे काम आणि पलंग पोचवण्याचे काम यांत आधी कोणते, हा प्रश्न आला तर पलंग आधी. मुलाला आज रात्री झोपायचे असते.

त्यावरून आठवले. आयडाहो राज्यात २०१२ मध्ये चर्चमधील किशोरवयीन मुलांकडून काहीतरी चांगले काम करून घ्यावे म्हणून एका गृहस्थाने आपल्या गॅरेजमध्ये त्यांच्यासह एक दुमजली पलंग बनवला. त्यातून स्लीप इन हेवनली पीस ही संस्था उभी राहिली आणि आता तिच्या शाखा अमेरिकेत जागोजागी आहेत. एखाद्या शनिवारी चर्च, शाळा किंवा कंपनीच्या मैदानात लोक जमतात. कोणी फळ्या कापतो, कोणी घासतो, कोणी छिद्रे पाडतो, आणि शेवटी व्हिनेगरमध्ये लोखंडी काथ्या मुरवून केलेल्या पाण्यात लाकूड बुडवून त्याला रंग आणतात. तो रंग स्वस्त पडतो आणि लवकर वाळतो, म्हणून मुलांच्या पलंगाला सोयीचा. सुतारकाम न येणाऱ्यांनाही तिथे काम मिळते. आपल्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एखादा असा दिवस प्रायोजित करावा असे मी आमच्या मंडळात सुचवले होते. विषय पुढच्या सभेवर गेला आहे.

अनघा_शार्लट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेजारच्या बाईंच्या मदतीने गटप्रमुखांशी बोलणे झाले. सामान नेण्यापूर्वी कुटुंबाला त्याची छायाचित्रे पाठवतात आणि नको असेल ते वगळतात, असे त्यांनी सांगितले. आमचा सोफा एका कुटुंबाला फार मोठा होत असल्याने नको आहे. टेबल मात्र त्यांनी मागितले आहे. दोन छोटे प्रश्न उरले. माझी भाची एच-४ व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या) आहे, तिला असे काम करता येईल का? आणि यजमानांनी स्वतःची अवजारे न्यावीत का?

निवृत्त_स्थापत्य

धर्मादाय संस्थेसाठी विनामोबदला केलेले आणि एरवी कोणी पगार घेऊन करत नाही असे काम व्हिसाच्या आड सहसा येत नाही. मात्र भाचीने त्याबद्दल पैसे, भेटकार्ड किंवा तत्सम काहीही घेऊ नये, आणि दुकानाच्या गल्ल्यावर पगारी माणसाच्या जागी बसवत असतील तर आधी वकिलाला विचारावे.

अवजारांपैकी मोजपट्टी, हातोडी, पाणसळ, बॅटरीवरचा ड्रिल, सुरक्षा चष्मा आणि जाड हातमोजे न्यावेत, सर्वांवर नाव लिहून. शनिवारच्या शेवटी सगळ्यांचे ड्रिल सारखेच दिसतात. मोठी करवत त्यांची असते आणि ती कोणी चालवायची हे ठरलेले असते. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी बहुधा उताराच्या खांबांसाठी खड्डे खणायला लावतात, त्यामुळे जुने बूट आणि भरपूर पाणी बरोबर असू द्यावे. तुमच्याकडची लाल माती उन्हाळ्यात फार कडक होते.